तोंडावांचून जेवणारे

आषाढ-श्रावणाच्या दमट हवेंत लोणच्याच्या बरणीचें झांकण काढावें, तों वर पांढरी लव आलेली दिसते. घरांतील सुगृहिणी पळीनें वरचा थर काढून टाकते, "आंतलें चांगलें आहे" असें म्हणते, आणि बरणी पुन्हां फडताळांत जाते. शिळ्या भाकरीचेंहि तेंच. डाग पडला तेवढा तुकडा मोडून बाजूस ठेवावयाचा, उरलेली ताकांत कुस्करावयाची, नाहीं तर गोठ्यांत पाठवावयाची. एकत्र कुटुंबांत अन्न वायां जाऊं न देण्याची ही रीति फार जुनी आहे, आणि तिच्या मागची काटकसर नांवाजण्यासारखीच आहे. परंतु "आंतलें चांगलें आहे" हें विधान खरें कीं खोटें, हें ठरविण्यास बुरशी जेवते कशी हें ठाऊक असावें लागतें. या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बुरशीला तोंड नाहीं, दांत नाहींत, पोट नाहीं. आणि झाडासारखें हिरवें पानहि नाहीं. झाड सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हवेंतील कर्बवायु व जमिनींतील पाणी यांची साखर करतें, म्हणजे तें स्वयंपाकी आहे. प्राण्याला ही विद्या येत नाहीं. तो दुसऱ्यानें सिद्ध केलेलें अन्न तोंडानें आंत घेतो व मग पचवितो. बुरशीहि दुसऱ्याचेंच अन्न खाते, परंतु तिचा क्रम उलटा आहे. ती आधीं पचविते आणि नंतर आंत घेते.

जिला आपण बुरशी म्हणतों, ती वस्तुतः अतिशय बारीक तंतूंचें जाळें असतें. शंभर-दोनशें तंतु शेजारीं शेजारीं मांडावे, तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो. प्रत्येक तंतु टोंकाशीं वाढतो, आणि वाढतां वाढतां त्या टोंकांतून विकरें बाहेर सोडतो. विकरें म्हणजे आपल्या लाळेंत व आंतड्यांत असतात तशीं पाचक द्रव्यें. भाकरीचा घांस बराच वेळ चावीत राहिलें असतां तो गोड लागूं लागतो. कारण लाळेंतील विकर पिष्टाची साखर करूं लागतें. नेमकें हेंच काम बुरशी भाकरीच्या अंगांत करते. पिष्टाची साखर होते, प्रथिनांचे लहान लहान तुकडे पडतात, स्निग्धांश फुटतो. आणि पाण्यांत विरघळलेला हा रस तंतूच्या भिंतींतून आंत ओढला जातो. आपण अन्न पोटांत घालतों. बुरशी आपलें पोट अन्नांत घालते.

आतां बरणीकडे पुन्हां पाहूं. वर जी हिरवी, काळी वा राखी लव दिसते, तो रंग बीजाणूंचा, म्हणजे पुढच्या पिढीच्या बियांचा असतो. जेवणाऱ्या तंतूंस बहुधा रंगच नसतो, आणि ते त्या डागापासून पुष्कळ आंतवर गेलेले असतात. डाग हा केवळ मोहोर आहे. मुळें आंत पसरलेलीं असतात. म्हणून भाकरी, भात, पुरण, मुरांबा, यांसारख्या मऊ व ओलसर पदार्थावर बुरशी दिसली, तर दिसणारा भाग काढून उरलेला खाणें हें शास्त्राला धरून नाहीं. तो पदार्थ सबंध टाकावा. लोणचेंहि याला अपवाद नाहीं, हें लिहितांना अनेक भगिनींचा रोष पत्करीत आहों, याची आम्हांस जाणीव आहे.

आमच्या शाळेच्या दिवसांत बुरशीची गणना वनस्पतींत होत असे, आणि "परोपजीवी वनस्पति" म्हणून तिच्यावर एक लहानसा धडा असे. वास्तविक १९६९ सालींच व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानें जीवसृष्टीचे पांच विभाग करून कवकांस स्वतंत्र सृष्टि दिली होती, आणि त्या विभागणींत भोजनाची रीत हीच एक मोठी कसोटी होती. बनविणारे, गिळणारे व शोषणारे, असे ते तीन भेद. शिवाय कवकांच्या भिंतींत कायटिन नांवाचें द्रव्य असतें, तें झुरळाच्या व विंचवाच्या कवचांत असतें. आणि शिल्लक अन्न तीं झाडाप्रमाणें पिष्टाच्या रूपानें न ठेवतां, प्राण्यांप्रमाणें ग्लायकोजेनच्या रूपानें ठेवतात. तेव्हां भूछत्र हें कुळानें वांग्यापेक्षां आपणांस अधिक जवळचें, असें म्हणावें लागतें!

'कवक' हा शब्द आपल्या शास्त्रकारांनीं नव्यानें घडविलेला नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण-कांद्याबरोबर द्विजांस जीं अभक्ष्य सांगितलीं आहेत, त्यांत कवकें येतात. परंतु या विषयाच्या दृष्टीनें आम्हांस अधिक कौतुक सुश्रुताचें वाटतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानाच्या अध्यायांत भूछत्रांचे प्रकार दिले आहेत, ते आकारावरून वा रंगावरून नव्हेत. पेंढ्यावर उगवणारें, उसावर उगवणारें, शेणावर उगवणारें, वेळूवर उगवणारें व भूमींतून येणारें, असे ते आहेत, आणि प्रत्येकाचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. सूक्ष्मदर्शक नसतां, हा जीव ज्यावर बसतो तेंच त्याचें अन्न, हें मर्म त्या प्राचीन वैद्यानें हेरलेलें दिसतें.

आणि ज्या घरांत भूछत्राचें नांव काढलेलें खपत नसे, त्याच घरांत पिढ्यान् पिढ्या गोड्या मसाल्यांत दगडफूल भाजून घातलें जातें! दगडफूल म्हणजे फूल नव्हे. कवकाच्या तंतूंच्या घट्ट विणीमध्यें सूक्ष्म हिरवें शेवाळ कोंडलेलें असतें, त्या जोडगोळीचें तें नांव. शेवाळ साखर करतें. कवक त्याला घर देतें, ओल धरून ठेवतें, आणि साखरेचा वांटा घेतें. हें द्वैत १८६७ सालीं श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें प्रथम मांडलें, तेव्हां तत्कालीन तज्ज्ञांनीं त्याची थट्टा केली. सारांश, मनूचा निषेध आपण मसाल्याच्या डब्यापुरता कधींच शिथिल केलेला आहे.

विरघळल्यावांचून बुरशीच्या आंत कांहींहि जात नाहीं, हें एकदां ध्यानीं धरलें, म्हणजे स्वयंपाकघरांतील कितीएक रीतींचा उलगडा होतो. पापड, कुरडया, सांडगे उन्हांत कडकडीत वाळवावयाचे, म्हणजे बुरशीचें पाणी तोडावयाचें. लोणच्यांत मीठ व मुरांब्यांत साखर भरपूर घातली, कीं पदार्थांत पाणी असूनहि तें बुरशीला मिळत नाहीं. उलट मीठ-साखर तिच्याच तंतूंतलें पाणी बाहेर ओढूं पाहते. लोणच्यावर तेलाचा थर उभा असावा, तो हवा तोडण्यासाठीं. हल्लीं प्रकृतीच्या कारणानें मीठ कमी, साखर कमी, तेल कमी अशीं लोणचीं घालण्याचा प्रघात पडत आहे. तो वैद्यकदृष्ट्या योग्यच आहे, पण मग अशी बरणी शीतपेटींत ठेवावी आणि वर्षाची आशा सोडावी.

हवा तोडण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे पेवांत होत असे. जमिनींत खोल खणलेल्या त्या कोठारांत ज्वारी भरून तोंड लिंपून टाकीत. दाणा व बुरशी दोन्हीं श्वास घेतात. थोड्याच दिवसांत आंतील प्राणवायु सरतो, कर्बवायु भरतो, आणि हवेवांचून बुरशीची वाढ खुंटते. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरूं नये, अशी सक्त ताकीद असे. ती न पाळणारे गुदमरून दगावले, अशा हकीकती जुन्या गांवांतून ऐकावयास मिळतात.

ज्वारीचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडें थांबावयास हवें, कारण नांदेड-लातूरकडील घरांचा यांत प्रत्यक्ष संबंध येतो. पूर्वींचीं खरिपाचीं देशी वाणें उंच व उशिरा निसवणारीं असत. त्यांचा दाणा पाऊस ओसरल्यावर भरे. १९६४ सालीं सीएसएच-१ हें पहिलें संकरित वाण प्रसृत झालें, आणि त्यामागून तशींच लवकर येणारीं इतर वाणें आलीं. उत्पन्न वाढलें, हें निर्विवाद आहे. परंतु कणसांत दाणा भरण्याची वेळ भाद्रपद-आश्विनाच्या पावसांत सांपडूं लागली. ओला, कोंवळा, पिष्टानें भरलेला दाणा म्हणजे बुरशीला वाढलेलें ताटच. कर्व्हुलेरिया जातीची बुरशी दाणा काळा करते, फ्युझेरियम जातीची पांढुरकी-गुलाबी असते. परभणीच्या कृषि विद्यापीठानें बुरशीला बरीच दाद न देणारें 'परभणी श्वेता' हें वाण काढलें, त्याचें कारण हेंच.

काळी ज्वारी बाजारांत कमी भावानें विकली जाते, म्हणून पुष्कळदां चांगली विकून काळी घरीं ठेवण्याकडे शेतकऱ्याचा कल असतो. हा हिशेब धोक्याचा आहे. १९९५ सालीं अवकाळी पावसांत भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्यानें दख्खनच्या पठारावरील कित्येक खेड्यांतून लोकांस पोटदुखी, पोटांत गुडगुड व जुलाब यांचा एकदम उपद्रव झाला. शोध करतां त्या धान्यांत फ्युझेरियमनें निर्माण केलेलें फ्युमोनिसिन नांवाचें विष आढळलें. त्याहून भयंकर प्रकार १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील बांसवाडा-पंचमहाल भागांत झाला होता. बुरसलेला मका खाऊन ३९७ माणसें यकृताच्या विकारानें आजारी पडलीं व त्यांपैकीं १०६ दगावलीं. तेथें विष अफ्लाटॉक्सिन हें होतें. हें विष करणारी पिवळसर-हिरवी बुरशी भुईमुगाच्या शेंगांवर व खोबऱ्याच्या वाटींत आपल्या घरींहि येते. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी भुईमुगाच्या पेंडीनें मेले, तेव्हां या विषाचा प्रथम पत्ता लागला.

बुरशी विष कां करते? शास्त्रज्ञांचा तर्क असा, कीं एकाच अन्नावर टपलेल्या इतर जंतूंस व किड्यांस दूर ठेवण्यासाठीं तें असावें. आपण जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं पाणी फिरवितों. बुरशी आपल्या ताटाभोंवतीं असें अर्क फिरवून ठेवते म्हणा. फ्लेमिंगला १९२८ सालीं दिसलेलें पेनिसिलीन हें याच जातीचें वर्तुळ. त्याच्या आंत जंतु वाढेनात. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या कारखान्यानें तें औषध आपल्या देशांत बनविलें. एकाचें वर्तुळ आपणांस तारक ठरलें व दुसऱ्याचें मारक, यांत बुरशीचा हेतु कांहींच नाहीं.

गृहिणींनीं लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही, कीं हीं विषें शिजविल्यानें वा भाजल्यानें जात नाहींत. बुरशी आंचेवर मरते. तिनें करून ठेवलेलें विष भाकरींत तसेंच राहतें. दाणे निवडून काळे, सुरकुतलेले, रंग बदललेले वगळले, तर पुष्कळ विष त्यांच्याबरोबर निघून जातें. म्हणून निवडणें हें काम कंटाळवाणें असलें तरी सोडूं नये. कडू लागणारा शेंगदाणा लाजेनें गिळूं नये, थुंकून टाकावा. आणि माणसाच्या उपयोगाचें नाहीं तें गाईपुढें टाकण्याची जी संवय आहे, ती विशेष निषिद्ध समजावी. अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटांत गेलें असतां किंचित् रूप पालटून दुधांत उतरतें, आणि तें दूध घरांतील लहान मुलाच्याच वाटींत येतें.

लातूरची तूरडाळ सर्वश्रुत आहे, आणि तुरीची मर ही त्या प्रांताची जुनी डोकेदुखी. फुलावर आलेलें झाड, वर पाहावें तर निरोगी, चार-आठ दिवसांत माना टाकतें. शेतांत भरपूर ओल असतांनाहि तें तहानेनें मरतें, ही त्यांतली मेख. १९१० सालीं बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेंत काम करणाऱ्या बटलर यांनीं या रोगाच्या कवकाचें सविस्तर वर्णन केलें व त्यास फ्युझेरियम युडम हें नांव दिलें. तें जमिनींत पडून असतें. तुरीचें मूळ जवळ आलें, कीं बारीक मुळांतून आंत शिरतें, आणि जलवाहिन्यांत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत, ठाण मांडतें. तेथें त्याला वाहता रस आयता मिळतो. त्याचे तंतु, आणि झाडानें बचावासाठीं सोडलेला डिंकासारखा पदार्थ, या दोहोंनीं नळी बुजते. खोड उभें चिरून पाहिलें, तर आंत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. बाहेरून बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो. पाण्याअभावीं वाळलें कीं मरीनें वाळलें, हें ओळखण्याची ही साधी खूण प्रत्येक शेतकऱ्यास माहीत असावी.

झाड मेल्यावर कवक उपाशी मरत नाहीं. जिवंतपणीं परोपजीवी असलेलें हें कवक आतां मृतोपजीवी होऊन त्याच पऱ्हाट्यांवर व मुळांच्या तुकड्यांवर कित्येक वर्षें निभावतें. म्हणून एकाच शेतांत दरसाल तूर घेणें म्हणजे पाहुण्याला दरसाल आमंत्रण देणें होय. तुरींत ज्वारीचें आंतरपीक घेण्याची, वा तुरीनंतर ज्वारी घेण्याची आपल्या वडिलांची जी पद्धत होती, तिनें मर कमी होते, असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. सोयाबीनच्या लाटेंत ती पद्धत बरीच लोपली, याचें आम्हांस वाईट वाटतें. जालना जिल्ह्यांतील बदनापूरच्या संशोधन केंद्रानें बीएसएमआर-७३६ यासारखीं मरीस दाद न देणारीं वाणें दिलीं, तो मोठाच आधार झाला. याशिवाय ट्रायकोडर्मा हें दुसरें कवक बियाण्यास चोळून पेरतात. तें इतर कवकांच्या तंतूंस विळखा घालतें, त्यांच्या भिंती विरघळवितें आणि आंतला रस शोषतें. बुरशीचें खाद्य बुरशी!

ज्वारीच्या चिकट्याचा अभ्यास करून पुण्याचे प्राध्यापक आजरेकर यांनीं १९२६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें नांव आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील कवकसंग्रहास दिलेलें आहे. चिकट्यांत कवक फुलांतील बीजकोशाची जागा बळकावतें. दाण्यासाठीं आलेला गोड रस तें पितें व उरलेला थेंबाथेंबानें कणसावर पाझरतो.

सोयाबीनच्या शेतांत पावसाची झड लागून राहिली, म्हणजे पानांवर पांढऱ्या, पुढें हिरवट झालेल्या, ताठ अळ्या चिकटलेल्या दिसतात. ते मेटारायझियम कवकाचें भोजन. बीजाणु अळीच्या अंगावर पडतो, कातडीचें कायटिन विरघळवितो व आंत शिरून तिला पोखरतो. अशा शेतांत फवारणीची घाई करूं नये. वारुळांतील वाळवी तर कवकाची शेतीच करते. काडीकचऱ्याचे वाफे घालून त्यांवर कवक वाढविते, आणि जें लांकूड तिला स्वतः नीट पचत नाहीं, तें कवकाकडून पचवून घेते. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारीं भूछत्रें हें त्याच शेतीचें फळ.

सर्वच कवकें चोर नव्हेत. तूर, ज्वारी, सोयाबीन, या सर्वांच्या मुळांत शिरून राहणारीं कवकें आहेत, तीं मुळास मारीत नाहींत. आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनींत स्फुरद पुष्कळ असून तो जागचा हलत नाहीं. मूळ जेथें पोंचत नाहीं तेथें हे तंतु पोंचतात, स्फुरद आणून देतात व मोबदल्यांत साखर घेतात. फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं या सहवासास नांव दिलें.

२०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत 'काळी बुरशी' या नांवानें जो रोग महाराष्ट्रांत घरोघर धास्ती घालून गेला, त्याचेंहि मूळ भोजनांतच सांपडतें. ऱ्हायझोपस जातीचीं हीं कवकें शिळ्या भाकरीवर व सडक्या फळांवर नेहमींचींच. त्यांचे बीजाणु आपण रोज श्वासाबरोबर घेतों व निरोगी शरीर ते निपटून टाकतें. परंतु मधुमेह आटोक्याबाहेर गेला, कीं रक्तांत साखर वाढते, आम्लता वाढते, आणि प्रथिनांस बांधलेलें लोह सुटें होतें. कवकाला साखर व लोह दोन्हीं आयतीं मिळतात. त्यांत करोनासाठीं दिलेल्या स्टिरॉइड औषधांनीं पहारेकरी पेशी दुबळ्या झालेल्या. नाक, डोळा व मेंदू यांकडे तें झपाट्यानें पसरलें, कित्येकांचे डोळे काढावे लागले. ज्यांस मधुमेह आहे, त्यांनीं साखर आटोक्यांत ठेवण्याचें हें आणखी एक कारण समजावें.

उरला प्रश्न भूछत्रें खाण्याचा. तरुण मंडळी आतां तीं आवडीनें खातात, आणि वडीलधाऱ्यांनीं त्यांवर रागावण्याचे दिवस गेले. रानांतलीं मात्र जाणत्या माणसावांचून उपटून आणूं नयेत. चांदीचें नाणें काळें पडलें तर विषारी, किड्यानें खाल्लें तर निर्धोक, या कसोट्या सर्वस्वी खोट्या आहेत. सर्वांत घातक जातींची बाधा खाल्ल्याबरोबर होत नाहीं. सहा ते बारा तास वा अधिकहि लोटल्यावर ओकाऱ्या सुरू होतात, आणि तोंवर विष यकृताकडे पोंचलेलें असतें. ज्यांस हौस आहे, त्यांनीं घरींच धिंगरी लावावी. गव्हाचा वा सोयाबीनचा भुसा रात्रभर भिजवून, ऊन पाण्यांतून काढून निथळावा, धिंगरीचें बियाणें थराथरानें मिसळून पिशव्यांत भरावा, आणि अंधाऱ्या, दमट खोलींत ठेवावा. पंधरा-वीस दिवसांत सबंध पिशवी तंतूंनीं पांढरी होते. मग पिशवी फाडून थोडा उजेड, खेळती हवा व पाण्याचा शिडकावा दिला, कीं आठवड्याभरांत छत्र्या येतात. एक किलो कोरड्या भुशावर अर्धा किलो किंवा त्याहूनहि अधिक ओली धिंगरी निघते. सुश्रुताच्या यादींत तिची जागा पेंढ्यावरच्या वर्गांत पडेल.